साठ ग्रेनची गोळी

व्हर्ना शूट्झेच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, की मोठ्या रायफलीचा धक्का पुन्हा बसता कामा नये. पण टेक्सासच्या त्या डोंगराळ भागात हरणाच्या शिकारीचा नोव्हेंबर उजाडावा आणि आपण सॉसेजसाठी शेजाऱ्याकडे हरणाचं मटण मागत फिरावं, हे व्हर्नाला जन्मात जमलं नसतं. तिने नातीची टू-ट्वेंटी-थ्री रायफल मागून आणली. गोळी पेन्सिलीहून बारीक, आणि धक्का मांजरीने ढुशी द्यावी इतपतच.

"हिच्यात हरणासाठी कुठली गोळी घालू?" जेवताना तिने सहज विचारलं, आणि तिथेच फसली. टेबलाच्या एका टोकाला नवरा डेलबर्ट होता, दुसऱ्या टोकाला भाऊ ऑर्व्हल. चिली म्हणतात त्या तिखट मटणाच्या रश्श्यात राजमा घालावा की नाही, यावरही या दोघांचं आजवर पटलं नव्हतं.

"पन्नास ग्रेन वजनाची," डेलबर्ट म्हणाला. "हलकी आणि सुसाट. माझ्या गोळीने कोल्हे जागीच लोळतात."

"कोल्हा आणि हरीण एकच का रे? तुझी गोळी कातड्याखालीच फुटून भुगा होईल. व्हर्ना, पंचाहत्तर ग्रेनची घे. जड असली की आत घुसते."

"तुला काय कळतंय? गेल्या वर्षी कुंपणाचा खांब मारलास."

"खांब पडला ना?"

दुपारी तिघंही गोठ्यामागे गेले. पाण्याने भरलेले प्लास्टिकचे कॅन ओळीने मांडले. डेलबर्टच्या गोळीने पहिल्या कॅनच्या चिंध्या केल्या; दुसऱ्यावर मात्र नुसता ओरखडा.

"हरणाला अंघोळ घालायची असेल तर झकास," ऑर्व्हल म्हणाला.

मग त्याच्या गोळीची पाळी आली. शंभर यार्डांवर कागद लावला. भोकं कागदभर विखुरली, आणि गोल असायची ती लांबट पडली. लांब, जड गोळीला पुरेशी फिरकी द्यायची ताकद त्या जुन्या नळीत नव्हती. गोळी हवेत कोलांट्या खात जात होती.

"तुझी गोळी आडवी झोपून प्रवास करते," डेलबर्ट म्हणाला. "भाड्याची खोली घेऊन दे तिला."

दोघांची जुंपली तशी व्हर्ना गाडी काढून गावात गेली आणि जाड कवचाच्या, खास हरणासाठी बनवलेल्या साठ ग्रेनच्या गोळ्यांचा डबा घेऊन आली. तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली, आणि मग कॅनवर झाडलेली गोळी तीन कॅनांतून पार गेली.

"म्हणजे हलकीच जिंकली," डेलबर्ट म्हणाला.

"पन्नासपेक्षा जडच की."

हंगामाच्या पहिल्या सकाळी दोघंही "नुसतं बघायला" तिच्या मचाणात येऊन बसले. जागा दोघांची, तिघांचे गुडघे एकमेकांत अडकलेले.

"खांद्यावर मार," डेलबर्ट कुजबुजला.

"हाड फोडणार का एवढीशी गोळी? खांद्याच्या मागे."

"आता जो बोलेल तो चालत घरी जाईल," व्हर्ना म्हणाली.

तेवढ्यात सीडरच्या झुडपांतून एक नर बाहेर आला. शिंगं भरदार, तोंड यांच्याच दिशेला. दोघं श्वास रोखून तिला कोपराने ढोसू लागले. व्हर्ना हलली नाही. बारीक गोळीत चुकीला जागा नसते. समोरून मारली तर हाडात अडकून जनावर तडफडत निघून गेलं असतं. तो चरत राहिला. तिचा खांदा ठणकू लागला. अखेर तो आडवा वळला, पुढचा पाय जरा पुढे गेला, आणि तिने त्या पायाच्या मागे नेम धरून घोडा दाबला.

नर उसळला आणि धूम ठोकून झुडपात दिसेनासा झाला.

व्हर्ना तो गेला त्या झुडपाकडे पाहत राहिली. जनावर जखमी होऊन कुठेतरी पडलं असेल, तर उरलेला हंगाम तिला झोप लागणार नव्हती.

थोडं थांबून ती खाली उतरली आणि गवतावरच्या रक्तामागे चालू लागली. झुडपं ओलांडताच ओकच्या झाडाखाली तो पडलेला दिसला, निपचित. तिने हातमोजा काढून त्याच्या मानेवर हात ठेवला आणि डोळे पुसले.

मागून डेलबर्ट आला. "बघ, वेग!"

"वेग नव्हे. वजन," ऑर्व्हल म्हणाला.

"नेम," व्हर्ना म्हणाली, "आणि धीर. आता उचला, माझा खांदा दुखतोय."

एकाने एक शिंग धरलं, दुसऱ्याने दुसरं. गाडीकडे ओढ्याकाठाने जायचं की टेकाडावरून, यावर ते जागच्या जागी एकमेकांना ओढत राहिले. व्हर्ना पुढे जाऊन गाडीत बसली, थर्मासमधली कॉफी ओतून घेतली आणि आरामात प्यायली.