जवळ्याची मूठ

“वाळू आहे यात,” कमलाकांत डॉक्टर म्हणाले आणि चिमटीतली जवळ्याची भुकटी त्यांनी पुन्हा पोत्यात सोडली.

पिल्लांना खाणं घालणाऱ्या पंढरीने मान खाली घातली. नुकतीच पिल्लांची वजनं झाली होती. पालघरजवळच्या त्या वराहपालन केंद्रात दीड महिना डॉक्टरांच्या प्रयोगासाठी दोन कप्प्यांत आठ-आठ पिल्लं वाढत होती. उजव्यांना मका, कोंडा आणि सुका जवळा. डाव्यांना नुसता मका-कोंडा. मक्यात लायसीन नावाचा अंश तोकडा असतो, त्यावाचून कोवळं अंग बाळसं धरत नाही, मासळीत तो भरपूर, असं डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं. उजवी पिल्लं कितीतरी भरायला हवी होती. काट्यावर दोन्हीकडची जवळजवळ सारखीच उतरली.

दोष जवळ्यावर आला. जवळा किनाऱ्यावरच्या घिवली गावच्या येसूबाईचा. नवी टोपली कमरेवर घेऊन ती दारातच उभी होती.

“साहेब, हातानं निवडलेला जवला हाय माजा. वालू कुठून येल?” मग ती पंढरीकडे वळली. “पंढरीदादा, तुजा हात रोज जातो यात. सांग ना.”

पंढरीने पोत्याचं तोंड बांधायला घेतलं. डॉक्टरांनी तिचा माल बंद केल्याचं सांगितलं. येसूबाई आली तशी भरली टोपली घेऊन गेली.

वाळू नव्हतीच. उजवीकडे जवळा पडला की डावी आठ तोंडं गजांतून बाहेर येत. केस राठ, पोटं खपाटीला, नजर लेकरांची. पंढरीच्या घाटावरच्या घरी पंगतीत एकाला वाढून दुसऱ्याला वगळणं म्हणजे पाप. तिसऱ्याच दिवशी उजव्यांच्या वाट्यातली मूठ त्याने डावीकडे टाकली. मग रोजच. पुण्य केल्यासारखा तो निवांत झोपायचा.

येसूबाई परत गेली त्या दुपारी मात्र त्याने भाकरी तशीच गुंडाळून ठेवली. तो उठून डॉक्टरांपुढे उभा राहिला.

“उजवीकडचा जवळा म्याच डावीकडं घालीत होतो, साहेब.”

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. दीड महिना गेला, एवढंच ते म्हणाले. मग चष्मा पुन्हा चढवून, “मला सांगितलंस. आता तिला सांगून ये. माल पाठव म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी तो घिवलीला गेला. वाळवणावर बायका जवळा गोळा करत होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याने सांगितलं. येसूबाईच्या शेजारणीने, सोमीने, हातातला खराटा थांबवला.

“डुकरांची दया आली तुला. बाईची नाय आली?”

येसूबाई जवळा टोपलीत भरत राहिली. “काल बाजारात दोघींनी माजा जवला बोटांत चोलून पायला, वालू हाय का म्हणून,” ती म्हणाली. “साहेबाला सांग, माल धाडीन. त्यांना काय म्हाइत, तू काय करत व्हतास.”

तिची टोपली भरली होती. पंढरी हात लावायला वाकला. येसूबाईने त्याच्याकडे न बघता सोमीला हाक मारली. सोमीने हात दिला, टोपली डोक्यावर चढली, आणि येसूबाई बाजाराच्या वाटेला लागली.

पंढरी अजून वाकलेलाच होता.