आत्याचे दात

नाटकातलं पात्र समजलं की माणूस समजतो, आणि माणूस समजला की जगात समजून घ्यायचं फारसं काही उरत नाही. तात्पुरत्या सरांनी हे वाक्य म्हटलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, हे किती मार्कांना येतं?"

या मुलीला सगळे 'शंका' म्हणत. सरांना 'तात्पुरते' म्हणत, कारण चार वर्षांपूर्वी ते तात्पुरते म्हणून लागले आणि अजून तसेच होते. आज ते संपायचं होतं. मागच्या बाकावर विभागप्रमुख मोठ्या बाई मांडीवर वही घेऊन बसल्या होत्या. तास पसंत पडला तर नोकरी कायम, नाहीतर जूनपासून घरी.

नाटक सोपं होतं. एक म्हातारी आत्या तीन अंक कोपऱ्यात बसून असते. शेवटी भाचा घराच्या कागदावर तिची सही मागायला येतो, आणि पाठ्यपुस्तकात छापलं होतं : 'आत्या (दात लावते) : आता बोल.'

या कंसावर मोठ्या बाईंनी आपल्या मार्गदर्शक पुस्तकात अडीच पानं लिहिली होती. कवळी म्हणजे सत्ता. इतके दिवस घराने जिचं बोलणं काढून घेतलं होतं ती आत्या आता ते परत तोंडात बसवते. सगळं गाव, म्हणजे सगळी शाळा, हेच लिहून पास होत होती.

सरांनी फळ्यावर तीन रकाने आखले : पात्र काय बोलतं, काय करतं, इतर त्याच्याबद्दल काय बोलतात. "मनाचं काही सांगायचं नाही," ते म्हणाले. "पुस्तकात दाखवा."

शंकाने लगेच दाखवलं. "सर, पहिल्या अंकात आत्या अक्रोड दाताने फोडते."

"बरं."

"मग कवळी कुठली? आणि लावली तर आधी काढली कधी? तसं कुठे लिहिलेलं नाही."

"रात्री काढली असेल गं," मागून कोणीतरी म्हणालं. "माझे आजोबा पेल्यात ठेवतात."

"नाटकात पेला नाहीये. मी शोधलाय." तिने दप्तरातून एक पिवळं पडलेलं पुस्तक काढलं. "हे माझ्या आईचं. तिच्या वेळची आवृत्ती. यात 'दार लावते' आहे."

आत्या दार लावते आणि म्हणते, आता बोल. अचानक ती बाई चांगलीच धोकादायक वाटायला लागली.

"आण इकडे," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी पान पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. मग पुस्तक मिटून म्हणाल्या, "जुन्या आवृत्तीत छपाईची चूक होती. नव्या आवृत्तीत दुरुस्त केलीय. हो ना, सर?"

'हो' म्हणायला सरांना अर्धा सेकंद पुरला असता. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. 'काय करतं' या रकान्यात त्यांच्याच अक्षरात 'अक्रोड फोडते' असं लिहिलेलं होतं. पुसायचं फडकं हाताशीच होतं.

"बाई," ते म्हणाले, "अक्रोडाचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"म्हणजे, कवळी असती तर ती मोडली असती. दारच असावं."

मागच्या बाकावरून कौतुकाने एकच शीळ आली आणि अर्ध्यावर विझली. मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग म्हणाल्या, "विद्यार्थ्यांना विचार करायला शिकवता तुम्ही," आणि ही तक्रार आहे की शाबासकी, हे ओळखायला तिन्ही रकाने अपुरे पडले.

पंधरा दिवसांनी कार्यालयातून पत्र आलं. सरांना कायम करण्यात आलं होतं. विषय : भूगोल.