दाढी केली: हो

तिने 'एकच' दाबलं आणि पुढची जोडी पडद्यावर आली.

डावीकडे रुग्णालयाची नोंद, उजवीकडे घरसेवेची. घरसेवा म्हणजे म्हाताऱ्या, एकट्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी मदतनीस पाठवणारं खातं. या दोन खात्यांच्या यंत्रणा आजवर भांडलेल्या जावांसारख्या राहत होत्या. छप्पर एक, चुली दोन, आणि एकीच्या घरात काय घडलं याचा दुसरीला पत्ता नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता त्या जोडल्या जाणार होत्या. ज्या नोंदींबद्दल यंत्राला खात्री नव्हती, त्या आधी या खोलीत येत. माणसाने बघायचं आणि ठरवायचं: एकच माणूस, की दोन.

बाकीचे मजले या खोलीला लग्नखातं म्हणत.

या जोडीत डावीकडे होतं: पुरुष, वय एक्क्याऐंशी, मृत. तारीख चार महिन्यांपूर्वीची. उजवीकडे: पुरुष, वय एक्क्याऐंशी, सेवा चालू. शेवटची भेट काल.

मेल्याची खबर घरसेवेपर्यंत पोचायला वेळ लागतो, हे तिला नवं नव्हतं. तिने बोट 'एकच'कडे नेलं आणि सवयीने पत्ता वाचला. तिसरा मजला, जिन्यालगतचं दार.

ते दार पावसाळ्यात फुगतं. खालून लाथ मारावी लागते. तिने लहानपणापासून मारली होती.

बोट हवेतच राहिलं.

*काल, १०:४०*
*जेवण: दोन घास*
*औषध: दिलं*
*दाढी केली: हो*
*शेरा: आजोबा खिडकीशी बसून होते.*

"अडली का गाडी?" शेजारच्या टेबलावरून आवाज आला. चष्मा कपाळावर चढवून काम करणाऱ्या या सहकाऱ्याला सगळे झटपट म्हणत. "सरकव इकडे. चार सेकंदांत बार उडवतो."

"नको. बघते मी."

"एवढं काय बघायचंय? मुलगी पसंत नाही का?"

ती हसली नाही. घरच्या माणसाची नोंद आली तर हात लावायचा नाही, शेजाऱ्याकडे सरकवायची, असा नियम होता. तिने ती सरकवली नाही. 'नंतर'च्या रकान्यात टाकली. तो बुधवार होता. शुक्रवारी सहापर्यंत जे ठरणार नाही, ते यंत्र स्वतः ठरवणार होतं, आणि यंत्राचा नियम सोपा होता: एका बाजूला मृत्यू असेल तर मृत्यू खरा. सेवा बंद.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिने उजवी बाजू उघडली आणि बाबांचे दिवस मागून पुढे वाचायला घेतले.

*आजोबांना रुग्णालयात नेलं.*

त्यानंतर अकरा दिवस कोरे. त्या अकरा दिवसांत ती तिथेच होती. बाबांचे कपडे तिनेच बांधले, दाढीचं सामान तिनेच कचऱ्यात टाकलं, साबणाच्या वाळक्या फेसासकट. बाराव्या दिवशी ती परत कामावर आली. आणि बाराव्या दिवशी:

*आजोबा बोलत नाहीत. शेजारी बसले.*
*दाढी केली: हो*

*आजोबा घरभर फिरले. काहीतरी शोधत होते. सापडलं नाही.*
*दाढी केली: हो*

*आजोबांनी विचारलं, मुलगी कधी येणार.*
*दाढी केली: हो*

तिच्या मानेवर काटा आला. मागे पंखा होता, तो तिने बंद केला. काटा गेला नाही.

*पुन्हा विचारलं.*

*आज जेवले नाहीत. मुलीचा फोन येऊन गेला म्हणाले.*

*आजोबांची वेणी घालून दिली. बरं वाटलं त्यांना.*

ही ओळ तिने परत वाचली. बाबांना टक्कल होतं. मग तिने खुर्ची मागे सरकवली, जिन्यात जाऊन उभी राहिली आणि फोन लावला.

"आई, ती मदतनीस येते का गं अजून?"

"कशाला येईल? ती ह्यांच्यासाठी होती. मला काय धाड भरलीय?"

"जेवलीस?"

"पोटभर. तू आपली कामं कर."

खोलीत परत येऊन तिने पडदा ताजा केला. आजची भेट आली होती. *जेवण: नाही.*

गुरुवारी रजा टाकून, गाडीत दोन तास घालवून ती साडेदहाला तिसऱ्या मजल्यावर पोचली. दाराला खालून लाथ मारायला पाय उचलला, तेवढ्यात दार आतून उघडलं. मदतनीस उभी होती. पन्नाशीची, बाह्या दुमडलेल्या, एका हातात कंगवा, दुसऱ्यात फोन. तिने पाहुणीचा चेहरा पाहिला आणि कंगवा पाठीमागे लपवला.

आई बाबांच्या खुर्चीत बसली होती. अर्धी वेणी खांद्यावर.

"आज कशी काय वाट चुकलीस?" आई म्हणाली. अंगावरचं झंपर दोन मापांनी मोठं दिसत होतं. झंपर जुनंच होतं.

चहाच्या निमित्ताने दोघी स्वयंपाकघरात गेल्या. मदतनीस हळू आवाजात बोलत होती.

"ताई, तक्रार करू नका. बाबा गेले तरी यादीत नाव येत राहिलं. मी म्हटलं, चुकलं असेल, सांगून येऊ. तर आजींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, ये, हे आत आहेत."

"मग?"

"मग मी आत गेले. खुर्ची होती. ओट्यावर तीन दिवसांची भांडी होती, तीही चहाचीच."

"कळवायचं ना वर."

"कळवलं की नाव गेलं यादीतून. आजींच्या नावाने मागायचं तर त्यांनी स्वतःच्या तोंडाने हो म्हणावं लागतं. दोनदा विचारलं मी. म्हणतात, मदत ह्यांना लागते, मी धडधाकट आहे." तिने गॅस बारीक केला. "रोज अर्धा तास असतो माझ्याकडे. तेवढ्यात दोन घास जातात पोटात. आजींचंच सगळं, पण पानावर आजोबा म्हणून लिहिते."

"आणि दाढी?"

मदतनीस पहिल्यांदा ओशाळली. "ते भरल्याशिवाय पान बंदच होत नाही, ताई. पुरुष म्हटलं की दाढी विचारणारच ते. 'नाही' लिहिलं की कारण मागतं." चहा उतू जायला आला होता, तो तिने फडक्याने उतरवला. "मी काय कारण लिहू?"

मुलगी कप घेऊन बाहेर आली. आईच्या समोर, जमिनीवरच बसली.

"आई, उद्या संध्याकाळनंतर बाबांचं नाव यादीत राहणार नाही. मग ही यायची बंद होईल. तुझ्या नावाने अर्ज करूया."

"मला नको कोणाची सेवा. ह्यांना विचार, त्यांना हवी असेल तर."

मदतनीस दारातच थबकली. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे कपडे दिसत होते. कोणीतरी ते काढायला विसरलं असावं.

"बाबांना विचारायची गरज नाही," मुलगी म्हणाली. "तेच मला विचारतात. मुलगी कधी येणार म्हणून. लिहिलेलं आहे तिकडे."

आईचा हात अर्ध्या वेणीवर गेला आणि तिथेच थांबला.

"असं विचारतात?"

"हो. सतरा वेळा. मोजलं मी."

चहावर साय धरली.

"हल्ली फार बोलायला लागलेत," आई म्हणाली.

निघताना मुलीने अर्जाचा कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर बाबांचा चष्मा, वाऱ्याने उडू नये म्हणून. मदतनीस जिन्यापर्यंत आली. आतून आईचा आवाज आला, "अगं, वेणी कोण पुरी करणार?" कोणाला हाक मारली ते कळलं नाही. दोघी वळल्या. मुलगी आत गेली.

शुक्रवारी सकाळपासून ती नोंद 'नंतर'च्या रकान्यात एकटी उरली होती. 'दोन' दाबलं असतं तर काम झालं असतं. आईची बाई येत राहिली असती, आणि बाबा रोज दाढी करत राहिले असते. ब्याऐंशी, पंच्याऐंशी, शंभर. तिने दोनदा बोट नेलं.

"अजून तीच?" झटपट म्हणाला. "पोरीचं वय निघून जाईल."

"थांब जरा."

दहा चाळीसला काहीच आलं नाही. अकराला नाही. साडेअकराला घरसेवेच्या नव्या अर्जांत एक ओळ वाढली. स्त्री, वय एकोणऐंशी. तिसरा मजला, जिन्यालगतचं दार.

*मदत हवी आहे का: हो*
*अर्ज कोणाच्या सांगण्यावरून: पती*

तिने ते वाचलं. मग जुनी नोंद उघडली. आजची भेट, एक तास उशिरा, येऊन पडली होती.

*जेवण: एक पोळी, भाजी*
*औषध: दिलं*
*दाढी केली: नाही*
*कारण: आजोबा घरी नाहीत*
*शेरा: आजींनी सांगितलं तसं लिहिलं.*

तिने नोंद शेजारच्या टेबलावर सरकवली.

"ही तू कर. माझ्या घरची आहे."

झटपटने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. डावी बाजू वाचली, उजवी वाचली. माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा वाचायला लागला.

ती वाट बघत बसली. चार सेकंद केव्हाच होऊन गेले होते.