पोचा आलेला पेला

मित्रांनो, मी तांदूळ मोजायचा एक जुना पेला आहे. हल्ली माझा मुक्काम न्हाणीघराच्या खिडकीत असतो आणि माझ्यात साबणाच्या उरलेल्या चिपा ठेवतात. आल्यागेल्याला या घरात माझी ओळख दोनच शब्दांत करून देतात, ‘खोटा पेला’. ते ऐकलं की माझा नुसता तिळपापड होतो. मी खोटा जन्मलो नव्हतो. मला खोटं कुणी केलं ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि दुःख याचंच आहे की तिच्यावर माझा जगात सगळ्यांत जास्त विश्वास होता.

माझा जन्म बाजाराच्या टोकाला पत्र्याची भांडी करणाऱ्या एका कारागिराच्या हातून झाला. एकाच पत्र्यातून त्याने दोन पेले कापले, वळवले, सांधले. एक मी आणि दुसरा माझा जुळा भाऊ. आम्हाला विकत घ्यायला दोघी जणी आल्या. एक शिवणकाम करणारी होती. तिला सगळे ताई म्हणत. दुसरी तिच्या शेजारी नुकतीच राहायला आलेली, नवा संसार मांडणारी. तीच पुढे या घरातल्या दोन मुलींची आई झाली, म्हणून मीही तिला आईच म्हणतो.

ताई मोठी चोखंदळ. तिने मला काठोकाठ पाण्याने भरायला लावलं आणि ते पाणी माझ्या भावात ओतायला लावलं. पाणी त्याच्याही काठाला बरोबर टेकलं. एक थेंब सांडला नाही की एक थेंब कमी पडला नाही.

“झालं!” ताई हसून म्हणाली. “आता तुझ्यामाझ्यात कधी भांडण नको.”

दोघी हसत हसत घरी आल्या. भाऊ भिंतीपलीकडे गेला आणि मी अलीकडे राहिलो.

आईचा संसार दोन खोल्यांचा आणि बाबांच्या काचकारखान्यातल्या पगारावर चालणारा. तिची काटकसर मात्र बघत राहावी अशी होती. भाजीचे देठ आमटीत जात. मधोमध विरलेली चादर ती उभी फाडायची आणि ताईकडून काठाला काठ जोडून आणायची. मग तीच चादर आणखी काही वर्षं टिकायची. एका चुलीवरून दुसरी पेटवायला जळकी काडी पुन्हा वापरली जायची. या सगळ्या कारभारात मला मानाचं स्थान होतं. रोज संध्याकाळी आई मला डब्यात बुडवायची, वर आलेली रास तळव्याने सपाट करायची आणि मुलींना ऐकू जाईल असं मोजायची. चार पेले. त्या चार पेल्यांवर घर निर्धास्त झोपायचं.

महिनाअखेरीस कधी आमच्याकडचे तांदूळ संपत, कधी ताईकडचे. तेव्हा उसने न्यायचे आणि नवे आले की परत करायचे. जिच्या डब्यातून तांदूळ निघतील तिचा पेला वापरायचा, भरून, सपाट करून. कुठे लिहायचं नाही, कुणी साक्षीला बसायचं नाही. माझ्यावर आणि माझ्या भावावर दोन घरं विसंबून होती. तेव्हा माझी मान किती ताठ असायची म्हणून सांगू!

मग काचकारखान्यातलं काम निम्म्यावर आलं. बाबांचा स्वभाव मोठा विचित्र. घरात काही कमी पडतंय अशी नुसती कुणकुण लागली, की त्यांची भूक मेलीच म्हणून समजा. एकदा आईने तीनच पेले घेतले, आणि थोरलीने मोठ्यांदा विचारलं, “आई, आज तीनच?”

बाबांनी ताट सरकवलं. “मला नको. येताना खाऊन आलोय.”

कुठून खाऊन येणार होते ते, हे भिंतींनाही ठाऊक होतं. ते उठून गेले आणि आई त्यांच्या ताटाकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना आईने मला उंबऱ्यावर पालथं घातलं. मला वाटलं, धुऊन वाळत ठेवतेय. तिने खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि माझ्या बुडावर घातला. पहिला घाव चुकून बसला असं वाटलं. दुसऱ्याला कळलं, चूक नाही. बूड आत दबून फुगवटा येईपर्यंत ती ठोकत राहिली. मग मला उजेडात धरून तिने आत पाहिलं आणि हळूच म्हणाली, “एवढं सोस रे माझ्यासाठी.”

त्या संध्याकाळी तिने पुन्हा चार पेले मोजले. प्रत्येक पेल्यात मूठभर तांदूळ कमी होते. बाबा पोटभर जेवले, निदान त्यांना तसं वाटलं. आई नेहमीप्रमाणे शेवटी बसली आणि तिच्या वाट्याला काय आलं ते मी पाहिलं. खरं सांगतो मित्रांनो, त्या रात्री मी तिला माफ केलं. घरच्यांच्या समाधानासाठी घरातल्या घरात थोडं खोटं वागावं लागतंय, तर वागू, असं मी मनाशी म्हटलं. तिने मला दगा दिला असं मला तेव्हा अजिबात वाटलं नाही.

दगा पुढे आला. महिनाअखेरीस आईने ताईकडून तांदूळ उसने आणले. माझ्या भावाने मोजून दिलेले, पुरेपूर. परत करायची वेळ आली तेव्हा आईने आपल्या घरी डब्यात मलाच बुडवलं. माझ्या काठावरून फिरताना तिचा तळवा क्षणभर थांबला. मी वाट बघत होतो. वरून एक मूठ टाकेल, टाकेलच. तिने तळवा फिरवला आणि पिशवीचं तोंड बांधलं.

पुढच्या वेळी तळवा थांबलाही नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

ताई सरळ मनाची बाई. एक दिवस मशीनवरून डोकं वर करून ती आईला म्हणाली, “अगं, हल्ली आमच्याकडे तांदूळ पुरतच नाहीत बघ. उंदीर लागलेत की काय कोण जाणे.”

“असतील हो,” आई म्हणाली. “आमच्याकडेही खुडबुड चालूच असते.”

ताईने त्याच संध्याकाळी पिंजरा आणून डब्याशेजारी लावला. नसलेल्या उंदरासाठी ती बिचारी रोज पोळीचा तुकडा अडकवून ठेवायची. तो तुकडाही तिच्या घासातलाच. मी फडताळात बसून हे ऐकायचो आणि जळायचो. तोंड मोठं असून बोलता येत नाही, याच्यासारखा छळ नाही.

शेवटी बिंग फोडलं ते धाकटीने, तेही खेळता खेळता. ती आणि ताईची लेक गॅलरीत दुकान-दुकान खेळत होत्या. सामान म्हणून बादलीभर पाणी आणि आम्ही दोघे भाऊ. एवढ्या वर्षांनी भेटलो आणि भेटीचं असं झालं.

“आई, मावशी, गंमत बघा!” धाकटी ओरडली. “आमचा पेला भरून ओतला, तरी मावशींचा भरतच नाही!”

आतलं मशीन थांबलं. ताई बाहेर आली. मागोमाग आई आली. धाकटीने पुन्हा ओतून दाखवलं. माझ्यातलं पाणी भावाच्या काठापासून चांगलंच खाली राहिलं.

ताईने मला उचललं, आत बोटं घातली आणि वर आलेलं बूड चाचपलं. आता आई खरं सांगेल. नाही तर निदान गप्प राहील. मी एवढीच आशा धरून होतो.

आई म्हणाली, “तो पहिल्यापासूनच तसा आहे, ताई. त्या कारागिरानेच फसवलं आपल्याला.”

मित्रांनो, बत्त्याचे घाव मी सोसले. हे मात्र सोसवलं नाही. ज्याने मला जीव लावून घडवलं त्याच्यावर आळ, आणि ज्या पाण्याने मला खरं ठरवलं तेही खोटं! ताईला ते पाणी आठवत होतं. तिच्या चेहऱ्यावर मला ते स्वच्छ दिसलं.

“असेल,” ती एवढंच म्हणाली. आत गेली, उंदराचा पिंजरा उचलून आणला आणि दाराबाहेर ठेवून दिला.

काही महिन्यांनी बाबांचं काम पुन्हा पूर्ववत झालं. पहिल्याच पगाराचे तांदूळ आले तेव्हा आईने मला मांडीवर घेतलं आणि त्याच बत्त्याने आतून बूड खाली ठोकायचा प्रयत्न केला. बूड बसेना. सांधा मात्र उसवू लागला. तिने नाद सोडला, एक मोठं ताट घेतलं, त्यात मला ठेवून शिगोशीग भरलं आणि ताईचं दार वाजवलं.

ताईने दार उघडलं. तिने माझ्या काठावरून तळवा फिरवला आणि वरची सगळी रास आईच्या ताटात उतरवली.

“राहू द्या हो ताई, घ्या ना,” आई म्हणाली.

“आपलं सपाट ठरलंय,” ताई म्हणाली. मग मला रिकामं करून परत देताना हळू आवाजात म्हणाली, “नुसतं सांगितलं असतंस ना, तर मी परत मागितलेच नसते.”

आई घरी आली. धाकटीने विचारलं, “मावशी काय म्हणाल्या?” आईने मला न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलं आणि म्हणाली, “खोटा पेला आहे तो. त्यात साबण ठेवत जा.”

तेव्हापासून मी इथे आहे. मित्रांनो, काटकसर जरूर करा. तिने घरं तरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण पोटाला चिमटा घ्यायचा तो आपल्याच पोटाला घ्या. शेजाऱ्याच्या पोटाला घ्यायची वेळ आली तर त्याला आधी सांगा. आणि आपलं खोटं मुक्या भांड्याच्या माथी मारू नका.

संध्याकाळी भिंतीपलीकडे तांदळाचा डबा उघडतो. माझा भाऊ भरला जातो, त्याच्यावरून तळवा फिरतो, आणि तो सपाट झाल्याचा आवाज मला इथे ऐकू येतो. आईलाही ऐकू येत असावा. त्या वेळी ती न्हाणीघरात असली, तर नळ मोठा सोडते.