न ऐकता दिलेला निकाल

गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आलं, त्या दिवसापासून गोपिकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. पत्र होतं चार ओळींचं. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षपदी झालेली तुमची निवड रद्द, कारण शाळेच्या नोंदीनुसार तुम्ही अपेक्षाच्या पालक नाही. सावनेरजवळच्या त्या गावातल्या पालकसभेत गोपिकासाठी बावन्न हात वर झाले होते. नुसतं पद गेलं असतं, तर दोन दिवस चरफडून तिनं सोडून दिलं असतं. पण ‘पालक नाही’ हे तिला झोंबलं. नणंद वारली तेव्हा तिची लेक अपेक्षा तीन वर्षांची होती. वेणीफणीपासून पाढ्यांपर्यंत सात वर्षं सगळं गोपिकानंच केलं, आणि कोण कुठला साहेब म्हणतो, तू तिची कोणी नाहीस.

साहेबांच्या कानाला लागलं कोण? निवडणूक हरलेला श्रीधर तक्रार करणार, हे उघडच होतं. पण त्याला घरातलं पुरवलं कोणी? गोपिकाला आठवलं, सभेनंतर सासू तुळसाबाई श्रीधरच्या ओट्यावर तासभर बसली होती. शिवाय ‘पोरगी माह्या लेकीची हाय’ असं ती येताजाता म्हणायचीच. झालं. म्हातारीनं चहाचा कप पुढे केला तरी गोपिकाला त्यात डाव दिसू लागला. म्हातारी फोनवर बोलू लागली, की भाजी निवडता निवडता गोपिका कान टवकारायची. शेवटी एके सकाळी नवऱ्यादेखत, सासूच्या तोंडावर गोपिका बोलून गेली, की घरभेदी घरातच बसली आहे. दुपारी दोन लुगडी पिशवीत घालून म्हातारी धाकट्या लेकीकडे, खापरखेड्याच्या कॉलनीत निघून गेली. गोपिकाला वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

रामदासपेठेतल्या मिनल वकीलबाईंनी उच्च न्यायालयात याचिका टाकली. सुनावणीला न्यायमूर्तींनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं, की अध्यक्ष कोण व्हावं हे न्यायालय ठरवणार नाही, पण अधिकाऱ्यानं निर्णय कसा घेतला ते जरूर तपासेल. फाइल मागवली गेली.

फाइलीत दोनच कागद निघाले. एक श्रीधरचा अर्ज, त्यात गावाला ठाऊक नाही असं काहीच नव्हतं. दुसरा अपेक्षाच्या शाळाप्रवेशाचा अर्ज. वकीलबाईंनी तो गोपिकापुढे धरला. पालकाच्या सहीच्या जागी अंगठा होता, तुळसाबाईचा. तारीख चार वर्षांपूर्वीच्या जूनमधली. त्या जूनमध्ये गोपिका काविळीनं दवाखान्यात पडून होती, आणि मुदत संपेल म्हणून तिनंच सासूला शाळेत पिटाळलं होतं. घरातून चुगली कोणीच केली नव्हती.

निकाल तिच्या बाजूनं लागला. गोपिकाचं म्हणणं न ऐकता दिलेला आदेश रद्द, साहेबांनी तिला बोलावून, ऐकून घेऊन नव्यानं निर्णय द्यावा. वकीलबाई खूश होत्या. सासूबाईंना सोबत न्या म्हणाल्या, पोरगी हिनंच वाढवली एवढं त्यांनी सांगितलं की काम झालं.

गोपिका कोर्टातून थेट खापरखेड्याला गेली. तुळसाबाई क्वार्टरच्या पायरीवर तांदूळ निवडत होती. गोपिकानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अंगठ्याचं, काविळीचं, निकालाचं. मग म्हणाली, “आत्याबाई, माहं चुकलं.”

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं.

“सभेच्या दिवशी ओट्यावर श्रीधरले म्या हात जोडले होते, अर्ज नोको करू म्हणून.” तिनं लुगड्यावरचे तांदळाचे दाणे झटकले. “येईन मी. पोरीसाठी येईन. पण एक सांग मले. सायबानं तुले इचारलं नाही, तर तू हायकोर्टात गेली. तू मले इचारलं नाही. म्या कुठं जावं वं?”