माळ बसून बघायचा असतो

मी घोंगडी. रंगाने काळी, अंगाला टोचणारी आणि आता चार ठिकाणी विरलेली. मित्रांनो, तुमच्या घरातल्या मऊ पांघरुणांशेजारी मला ठेवलेत तर मी गरीबच दिसेन. पण माझ्यावर किती माणसे बसली आणि बसल्या जागेवरून त्यांनी काय काय पाहिले, ते सांगण्यासारखे आहे.

इंदापूर तालुक्यात निरवांगीच्या पुढे आमची वाडी. वाडीच्या एका अंगाला कालवा आणि ऊस, दुसऱ्या अंगाला माळ. कुसळी गवत, मुरूम, एखादे हिवराचे झाड आणि नजर पोचेल तिथपर्यंत आभाळ. या माळावर चरणाऱ्या मेंढरांच्या लोकरीतून मी झाले. बिरू धनगराने लोकर कातरली, त्याच्या कुशाबाईने सूत काढले आणि सणगराने मला मागावर विणले. मग चिंचोक्याची खळ देऊन उन्हात ताणून वाळवले. त्या खळीने मी इतकी ताठ झाले होते, की बिरूने पहिल्यांदा मला खांद्यावर टाकले तर मी वाकेचना.

कुशाबाई म्हणाली, "घोंगडी हाय का दार?"

पुढे मी मऊ झाले. पावसात बिरूची खोळ झाले, उन्हात त्याची सावली झाले. नुकती जन्मलेली किती कोकरे माझ्यात गुंडाळून घरी आली, त्याची गणती नाही. दिवाळीनंतर आम्ही मेंढरे घेऊन कोकणात उतरत असू. तिकडे सगळे हिरवेगार. पण बिरू तिथे कधी रमला नाही. झाडांच्या मागे काय आहे ते दिसत नाही, अशी त्याची तक्रार असे. मृगाच्या सुमारास परत येऊन माळ दिसला, की तो मला अंथरून टेकायचा आणि लांबवर बघत राहायचा.

आमच्यात एक रीत आहे. घोंगडी अंथरली, की समोरच्याने पायातले काढून तिच्यावर बसायचे. मग तो पाटील असो की वाटसरू. न बसणे म्हणजे घरच्या देवाचा अपमान.

या रितीमुळेच करुणाताई माझ्यावर बसल्या. त्या बारामतीच्या शाळेत शिकवत. पंचवीसएक वर्षांपूर्वी मतदारयादीचे काम घेऊन त्या माळावर आल्या होत्या. नावे लिहून व्हायला पाव तास लागला, पण त्या दिवस मावळेपर्यंत उठल्या नाहीत. शेवटी कुशाबाईने विचारले, "बाई, हितं बघाया काय हाय?"

त्या म्हणाल्या, "माझ्या खिडकीतून शेजारणीचं धुणं दिसतं. एवढं लांब बघायची सवयच मोडली होती."

त्यांनी माळावर एक लेख लिहिला. तो दिवाळी अंकात छापून आला आणि तो वाचून माणसे येऊ लागली. कोणी वही घेऊन यायचे, कोणी कॅमेरा, कोणी नुसतेच. राजस्थानच्या वाळवंटातून उंटावरून फिरलेले एक म्हातारे प्रवासी आले होते. त्यांनी मूठभर मुरूम हातात घेतला आणि ते म्हणाले, "तिथंही असंच वाटतं. आपण फार लहान आहोत असं वाटतं, आणि त्याचं वाईट वाटत नाही." गडावर गेले की वाटाड्या बोट दाखवून सांगतो, हे बघा, ते बघा. माळ काही दाखवत नाही. म्हणून लिहिणारी माणसे इथे पुन्हा पुन्हा येत असावीत.

वाडीला मात्र या पाहुण्यांचे कोडे होते. पाहुणे आले, की लोक त्यांना आधी कालव्यावर न्यायचे, उसाचा रस पाजायचे. पाहुणे रस प्यायचे आणि हळूच विचारायचे, माळाकडे कधी जायचे?

दोन वर्षांपूर्वी राजवर्धन सरपंच झाला. शिकलेला, कामसू मुलगा. दिवाळी झाली होती, गवत सोन्यासारखे पिवळे पडले होते. करुणाताई पुण्याहून चाळीस माणसे घेऊन येणार असे कळले. राजवर्धनला आनंद झाला आणि लाजही वाटली. एवढी माणसे येणार आणि त्यांना काय, वाळलेले गवत दाखवायचे? त्याने ठरवले, जेसीबी लावून गवत खरवडून काढायचे, माळ सारखा करायचा, गुलमोहर लावायचे आणि वाडीच्या नावाची रंगीत अक्षरे उभी करायची. त्याच्या मनात पाप नव्हते. पाहुणा येणार म्हणून अंगण सारवावे, तसे त्याला वाटत होते.

बिरू तोवर थकला होता. कोकणची वाट सुटली होती, वीस मेंढरे उरली होती. पुढच्या पावसापर्यंत ती त्याच गवतावर जगणार होती. गवत गेले तर मेंढरे विकण्यावाचून इलाज नव्हता. तो सरपंचाच्या दारी गेला. राजवर्धनने त्याला आदराने बसवले आणि उसाच्या शेंड्यांचा पाला, वाढे, देतो म्हणाला.

"मेंढरं वाढ्यावर जगत्यात व्हय?" एवढेच विचारून बिरू परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी सुरू झाला. एक पट्टा खरवडून तो पुढे आला, तेव्हा बिरूने समोरच्या गवतावर मला अंथरले आणि चहाची किटली शेजारी ठेवली. भांडला नाही, ओरडला नाही. फक्त म्हणाला, "सरपंच, घोंगडी टाकलीया."

राजवर्धन अडकला. सगळी वाडी बघत होती. त्याने बूट काढले आणि तो माझ्यावर बसला. मशीन चालवणाऱ्या समाधानलाही बिरूने हाक मारली. तोही मशीन बंद करून आला.

मित्रांनो, उभे राहून पाहिले तर माळ रिकामा दिसतो. बसले, की गवताची टोके डोळ्यांच्या पातळीला येतात. वारा कुठून कुठे चालला आहे, ते दिसते. राजवर्धन या माळाशेजारी वाढला, पण शाळा सुटल्यापासून तो इथे कधी खाली बसला नव्हता. चहाची बशी तोंडाजवळ धरून तो तसाच राहिला. एवढ्यात समाधानने मान वर केली.

"आबा, ह्यो कोण वरडतोय?"

"चंडोल हाय. रोजच वरडतोय. आज तुझी मशीन बंद हाय म्हणून ऐकू आला."

समाधान ओशाळून हसला. राजवर्धन हसला नाही. तो म्हणाला, "आबा, पाव्हणं काय म्हणतील? तालुक्यात नाव घालवायचं का?"

"पाव्हणं भाकरी मागत्यात. तू त्यास्नी केक भरवाया निघालास," बिरू म्हणाला. "भाकरीची लाज कशापायी?"

चहा संपला तरी कोणी उठले नाही. मग राजवर्धनने विचारले, "आन् ती गुलमोहराची रोपं आणलीत, ती कुठं लावू?"

"शाळंच्या अंगणात लाव. तितं पोरास्नी सावली न्हाय."

जेसीबी परत गेला. पाहुणे आले, आणि राजवर्धनने स्वतः त्यांना चपला काढायला सांगितले. बिरूची वीस मेंढरे त्या उन्हाळ्यात जगली. सात कोकरे झाली.

आता बिरूला माळापर्यंत चालवत नाही. मी घरात दांडीवर असते. कसर लागू नये म्हणून कुशाबाई अधूनमधून मला उन्हात टाकते. भांडीवालीने माझ्या बदल्यात पातेले देऊ केले होते. कुशाबाईने तिला पाणी पाजून वाटेला लावले. अशी काळजी घेणारे माणूस मिळाले, हे माझे भाग्य.

मित्रांनो, माळावर आलात तर त्याला पडीक म्हणू नका. पायातले काढा, खाली बसा आणि थोडा वेळ गप्प राहा. एक गोष्ट सांगायची राहिली. जेसीबीने त्या सकाळी जो पट्टा खरवडला, त्यावर दोन पावसाळे होऊन गेले तरी गवत आलेले नाही. मेंढरे तिथे पोचली, की वळून बाजूने जातात. मला भोक पडले, की कुशाबाई सुईदोरा घेऊन बसते. त्या पट्ट्याशी ती एकदा काठी टेकत गेली, पायाने मुरूम चाचपून तशीच परत आली.