पडलेल्या सिनेमाचे सात खेळ

सिनेमा आपटला. आडवळणानं कशाला सांगायचं? शाळकरी पोरापोरींच्या प्रेमाचा विनोदी सिनेमा, पोस्टरवर दोघं एकाच सायकलवर, आणि पहिल्याच दिवशी बाराच्या खेळाला मोजून अकरा डोकी. त्यातली चार मध्यंतरानंतर परतलीच नाहीत.

त्याचे संवाद लिहिणारा गृहस्थ बावन्न वर्षांचा होता. आपल्या विनोदावर कुणी हसत नाही, हे दुःख त्यानं आजवर पुष्कळदा पचवलं होतं. पण घरात सोळा वर्षांची लेक होती आणि ती त्या दिवसापासून त्याच्याशी एक अक्षर बोलत नव्हती. हे मात्र काही केल्या पचेना.

झालं असं, की लेक मोठ्या कौतुकानं मैत्रिणींना घेऊन पहिल्या खेळाला गेली, आणि पडद्यावरची नायिका हिचंच बोलणं बोलायला लागली. वर्गातल्या एका मुलाला हिनं चिठ्ठी दिली होती आणि त्या शहाण्यानं ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली होती. ही गोष्ट तिनं फक्त एका जिवलग मैत्रिणीला, खोलीचं दार लावून, फोनवर सांगितली होती. आणि बाप दाराला कान लावून उभा! लेखकाच्या जातीला लाज म्हणून नसते ती नसतेच. घरी आल्यावर लेक "ते माझं होतं" एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली.

"माफी मागा," बायको म्हणाली.

"तीनदा मागितली. आणि लेखकानं घ्यायचं तरी कुठून? हवेतून?"

"वा! चोर तो चोर आणि वर शिरजोर."

पण त्याच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. चोरी काही ही पहिली नव्हती. लेकीचे बोबडे बोल त्यानं पूर्वी एका नाटकात घातले, तेव्हा ती ते शाळाभर सांगत मिरवली होती. मग याच वेळी एवढं काय झोंबलं? जे काही असेल ते सिनेमातच असणार. त्यानं ठरवूनच टाकलं: सिनेमा उतरेपर्यंत रोज बाराचा खेळ बघायचा, आणि छडा लावल्याशिवाय हटायचं नाही.

रोज तो तिसऱ्या रांगेत कडेला बसे, पडद्याकडे पाठ फिरवून, आणि लोकांची तोंडं बघे. मांडीवर वही. कुणी हसलं की टिंब, जांभई दिली की आडवी रेघ, उठून गेलं की फुली. टिंबं काढायची वेळ फारशी आलीच नाही. दारावर तिकिटं तपासणाऱ्यानं पाचव्या दिवशी न राहवून विचारलं, "साहेब, तुम्हाला कुणी शिक्षा दिलीय का?"

"मीच लिहिलाय हा."

"मग भोगा," तो म्हणाला आणि तिकीट फाडलं.

सहाव्या दिवसापर्यंत एक गोष्ट मात्र पक्की दिसली. नायिका शाळेच्या पायऱ्यांवर बसून फोनवर मैत्रिणीला सांगते, "त्यानं माझी चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचली गं." तेवढ्यापुरतं थिएटर चिडीचूप होई. लाह्यांच्या पुड्यातले हातसुद्धा थांबत. आणि लगेच ती म्हणे, "बरंच झालं! त्याला वाचता येतं एवढं तरी कळलं!" मागून ढोल वाजे. त्याच क्षणी कुणीतरी उठे. रोज तिथेच फुली. का, ते त्याला कळेना. विनोद वाईट नव्हता हो, खरंच नव्हता!

सातवा दिवस शेवटचा. उद्या नवा सिनेमा लागणार होता. पायऱ्यांच्या दृश्याच्या जरा आधी शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी येऊन बसलं. लेक होती. दप्तर मांडीवर, नजर सरळ पडद्यावर.

"शाळा?" त्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

"अर्धा दिवस होती. काल आईनं तुझी वही दाखवली. रोज एकाच जागी फुली मारलीयस. लोक तिथे का उठतात, तुला खरंच कळत नाही?"

"नाही गं. देवाशपथ नाही. म्हणून तर येतोय."

ते दृश्य आलं. थिएटर गप्प झालं. मग नायिकेनं तो विनोद मारला, ढोल वाजला आणि मागच्या रांगेतली दोघं उठून चालू लागली.

"हे मी म्हटलं नव्हतं," लेक म्हणाली.

"माहितीये. पहिलं वाक्य तुझं, दुसरं माझं."

"मग माझं दुसरं काय होतं?"

त्यानं आठवून बघितलं. आठवण्यासारखं काही नव्हतंच. त्या दिवशी ते पहिलं वाक्य कानावर पडलं, वाक्य कसलं, हिराच, आणि विसरायच्या आत लिहून काढायला तो टेबलाकडे पळाला होता.

"मी पुढचं ऐकलंच नाही," तो म्हणाला.

"पुढे मी काही बोललेच नाही. रडत होते. पार उचकी लागेपर्यंत." तिनं दप्तर जवळ ओढलं. "वाक्य घेतलंस त्याचं मला काही नाही, बाबा. घे, हवी तेवढी घे. पण तू दाराशी होतास. तुला कळलं होतं. मग आत का नाही आलास?"

सवयीनं त्याचा हात पेनाकडे गेला, कारण लेक बोललीच होती तसं. तो हात त्यानं जागच्या जागी थांबवला.

"चुकलो," तो म्हणाला. "आता सांगशील? सगळं? मी लिहिणार नाही."

"आत्ता नाही."

"मग उद्या विचारीन. परवाही विचारीन."

"विचार," ती म्हणाली, आणि उठून गेली नाही. त्यानं वही खुर्चीखाली ठेवली आणि पहिल्यांदाच पडद्याकडे तोंड करून तिच्या शेजारी शेवटपर्यंत बसून राहिला.